घोडीला ताप येतो तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आंबेगाव तालुक्याची कचेरी आंबेगावात नाही, घोडेगावात आहे. मूळचं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. ते धरण ज्या नदीवर आहे, तिचं नाव घोड. नदीच्या नावात घोडा, तालुक्याच्या गावाच्या नावात घोडा. शेजारच्या जुन्नर तालुक्यात जा, तिथं घोडा नावात नसला तरी इतिहासात आहे. पंधराव्या शतकात, साधारण १४७०च्या आसपास, अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौल बंदरावर उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. त्याच्याजवळ विकायला एकच मोलाची चीज होती, एक घोडा. भर पावसाळ्यात तो जुन्नरला अडकून पडला. रात्रंदिवस पाऊस आणि सगळीकडे चिखल, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि तो परत हवा असेल तर धर्म बदल, अशी अट घातली. शेवटी खुरासानातून आलेल्या एका भल्या मुसलमान गृहस्थानं रदबदली केली आणि घोडा परत मिळवून दिला. परदेशी माणसाला सगळा मुलूख सोडून याच एका जनावराची काळजी लागली होती, कारण त्याचं सगळं भांडवल त्या चार पायांवर उभं होतं.

मंडळी, साडेपाचशे वर्षं झाली. पण जुन्नर-आंबेगावात आजही अशी माणसं आहेत, ज्यांचं भांडवल चार पायांवर उभं आहे. आज मला त्यांच्याविषयी आणि त्यांच्या घोड्यांना होणाऱ्या एका तापाविषयी बोलायचं आहे. मी कविता लिहिणारा माणूस, पशुवैद्य नव्हे. पण ही माहिती पशुवैद्यांच्या पुस्तकांत आणि शहरातल्या रेसकोर्सवर राहून उपयोग नाही. ती घोडीच्या दावणीपर्यंत पोचली पाहिजे.

आधी हे घोडेवाले कोण, ते पाहू. पहिले, बैलगाडा शर्यतीतले. पुणे जिल्ह्याच्या या उत्तर भागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात, घाटात गाडा पळतो तेव्हा बैलांच्या पुढे घोडी पळते. स्वार पाठीवर, मागं बैल, आणि सेकंदाच्या हिशेबानं बारी मोजली जाते. लोक गाडामालकाचं नाव घेतात, बैलांची नावं तर पोरांना तोंडपाठ असतात. पण बैलांना वेग देते ती पुढची घोडी. नावाजलेली घोडी असली तर एकाच दिवसात तिला अनेक बाऱ्यांचं बोलावणं येतं.

दुसरे, लग्नाच्या वरातीचे घोडेवाले. नारायणगाव, मंचर, जुन्नर, ओतूर अशा बाजाराच्या गावांतून तुम्हाला ते भेटतील. यांत पिढ्यान्‌पिढ्या घोडी सांभाळणारी मुसलमान कुटुंबं आहेत, तशी इतर समाजाचीही आहेत. घोडीला मात्र वरात कुणाची याचं काही नसतं. संध्याकाळी ती मारुतीच्या देवळापुढं उभी असते आणि दुसऱ्या दिवशी मशिदीच्या दारात.

तिसरे धनगर. दिवाळी झाली की मेंढ्यांचे वाडे चाऱ्यासाठी बाहेर पडतात, काही घाट उतरून कोकणात जातात, आणि पावसाच्या तोंडाशी माघारी देशावर येतात. सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असतं. भांडी, वाघूर, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं, कधी कधी वर बसलेलं लेकरूही. ही बुटकी, काटक घोडी म्हणजे आपल्या भीमा खोऱ्यातली भीमथडी. मराठ्यांच्या फौजा ज्या भीमथडीच्या तट्टांवर फिरल्या, त्यांचं रक्त आज मुख्यतः धनगरांच्या वाड्यावर टिकून आहे. अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ही आनंदाची गोष्ट. पण नोंद झाल्यानं ताप टळत नाही.

आता तो ताप. इंग्रजीत त्याला इक्वाइन इन्फ्लुएंझा म्हणतात, आपण घोड्यांचा फ्लू म्हणू. २००९ साली पुण्यानं स्वाइन फ्लू पाहिला, तोंडाला रुमाल बांधून हिंडलो आपण. त्यानंतर करोना पाहिला. त्यामुळं विषाणू, संसर्ग, विलगीकरण हे शब्द आता आपल्याला कुणी समजावून सांगायला नकोत. घोड्यांचा फ्लू हा त्याच घराण्यातला, पण त्याचा विषाणू वेगळा. त्याला एच-३ एन-८ असं नाव आहे. १९६३ साली अमेरिकेत तो पहिल्यांदा ओळखला गेला, आणि आज जगभर घोड्यांमध्ये जो फ्लू दिसतो तो याचाच. घोडा, गाढव, खेचर या तिघांना तो होतो. माणसाला त्याची बाधा होत नाही असंच आजवर दिसून आलं आहे. मात्र माणूस त्याचा हमाल होऊ शकतो. आजारी घोडीच्या नाकाला लागलेला हात, तिचा तोबरा, तिची बादली, तिचा लगाम, तिचा खरारा, यांवरून तो दुसऱ्या दावणीला पोचतो.

हा रोग पसरतो किती वेगानं? घोडी खोकली की तिच्या श्वासातले बारीक थेंब तीस-चाळीस मीटरपर्यंत सहज जातात. विषाणू अंगात शिरल्यापासून एक ते तीन दिवसांत ताप भरतो. म्हणजे रविवारी यात्रेत शेजारी उभ्या राहिलेल्या दोन घोड्यांपैकी एक आजारी असेल, तर बुधवारी दुसरीही आजारी. आणि तोवर दुसरी आणखी एखाद्या यात्रेला जाऊन आलेली असते.

१८७२ सालची एक गोष्ट सांगतो. त्या वर्षीच्या शरद ऋतूत कॅनडातल्या टोरांटो शहराजवळ घोडे खोकू लागले. काही महिन्यांत जवळजवळ सगळ्या उत्तर अमेरिकेतले घोडे आजारी पडले. त्या काळी मोटार नव्हती. ट्राम घोड्याची, मालगाडा घोड्याचा, आगीचा बंबसुद्धा घोड्याचा. शहरंच्या शहरं थबकली. नोव्हेंबरच्या ९ तारखेला बोस्टन शहराला मोठी आग लागली, तेव्हा बंब ओढायला घोडे नव्हते. माणसांनी दोर खांद्यावर घेऊन ते ओढले. विशेष म्हणजे त्या साथीत मेलेले घोडे एकूण आजारी घोड्यांच्या मानानं थोडेच होते. बाकीचे फक्त बसून होते. घोडा बसला की जग कसं बसतं, ते त्या वर्षी अमेरिकेनं पाहिलं.

आपल्या देशात १९८७ साली उत्तरेत मोठी साथ आली आणि हजारो जनावरं आजारी पडली. मग वीस वर्षं शांतता. जून २००८मध्ये जम्मूजवळच्या कटऱ्यात पुन्हा घोडे-खेचरं खोकू लागली. कटरा म्हणजे वैष्णोदेवीचा पायथा. यात्रेकरूंना वर नेणारी जनावरं तिथं एका जागी, एका पाण्यावर, एका रस्त्यावर. तिथून साथ निघाली आणि वर्षभरात अनेक राज्यांत पोचली. शास्त्रज्ञांनी या साथीचे विषाणू कटऱ्यात वेगळे काढले, तसे कर्नाटकात म्हैसूरला आणि गुजरातेत अहमदाबादलाही काढले. नकाशा डोळ्यांपुढं आणा. वर कटरा, खाली म्हैसूर, बाजूला अहमदाबाद. आपण मधोमध आहोत.

आणि कटऱ्यासारख्या जागा आपल्याकडे नाहीत असं थोडंच आहे? पौष पौर्णिमेला आंबेगावातल्या नागापूरच्या थापलिंग गडावर खंडोबाची यात्रा भरते, गाडे पळतात. माघात खेडच्या निमगावला खंडोबापुढं गाडे. मग चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा आणि त्याच दिवसांत लग्नाची तिथ. शिवाय मार्गशीर्षात नंदुरबारच्या सारंगखेड्याला आणि नांदेडच्या माळेगावला घोड्यांचे मोठे बाजार भरतात. तिथं परराज्यांतले घोडे येतात, आपल्याकडचे हौशी तिथून खरेदी करतात, आणि नवी घोडी थेट जुन्या घोडीच्या शेजारी आणून बांधतात. रोगाला यापेक्षा चांगला रस्ता कुणी बांधून दिला नसता.

तर पहिली सूचना हीच. बाजारातून आणलेली घोडी निदान दोन आठवडे वेगळी बांधा. तिची बादली वेगळी, तोबरा वेगळा, खरारा वेगळा. आधी जुन्या घोडीचं दाणापाणी करा, मग नवीचं, आणि नंतर साबणानं हात धुवा. हा विषाणू चिवट नाही. साबणानं, उन्हानं तो मरतो. पण ओल्या बादलीवर, लाकडावर एक-दोन दिवस टिकून राहतो, आणि तेवढे दिवस त्याला पुरतात.

आता ओळखायचं कसं? घोडी अचानक खाणं सोडते, मान खाली घालून उभी राहते. कोरडा, ठसठशीत खोकला येतो. नाकातून आधी पाण्यासारखं आणि पुढं घट्ट, पिवळसर येतं. पाय जड पडल्यासारखे होतात. पण या सगळ्याच्या आधी येतो तो ताप. निरोगी घोड्याचं अंगचं तापमान साधारण ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असतं. फ्लूमध्ये ते १०३ ते १०६ पर्यंत चढतं. हे हात लावून कळत नाही. कान गरम आहेत का, ते पाहून तर मुळीच कळत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला थोडं व्हॅसलीन लावा, घोडीच्या मागं नव्हे तर बाजूला उभं राहून शेपटीखाली गुदद्वारात तो धरा. यात्रेच्या दिवसांत रोज सकाळी घोडी बाहेर काढण्याआधी हे केलं, तर खोकला सुरू व्हायच्या आधी रोग सापडतो. खोगीर घ्यायला आपण पुष्कळ पैसे मोजतो, त्या मानानं थर्मामीटर काहीच नाही.

एक सावधगिरी. नाक वाहतं म्हणजे फ्लूच, असं समजू नका. जबड्याखालच्या गाठी सुजून फुटत असतील तर तो दुसरा रोग असतो. आणि नाकात जखमा, अंगावर गाठी-फोड असतील, तर ग्लँडर्सची शंका घ्यावी लागते. ग्लँडर्स माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि कायद्यानं तो सरकारला कळवावाच लागतो. म्हणून खोकणाऱ्या घोडीला पशुवैद्याला दाखवणं ही केवळ घोडीची काळजी नव्हे, घरातल्या लेकरांचीही आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर नाकातला नमुना घेऊ शकले, तर प्रयोगशाळेत रोग नक्की करता येतो. घोड्यांच्या रोगांसाठी आपल्या देशात हरियाणातल्या हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून पुढची वाट ते दाखवतात.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. या तापावर औषध काय? विषाणूवर थेट काम करणारं, रोजच्या वापरातलं औषध नाही. प्रतिजैविकं द्यायची ती मागून जिवाणूंनी छातीत घर केलं तर, आणि तीही डॉक्टर सांगतील तेव्हा. खरं औषध आहे विसावा. या विषाणूची करणी अशी की श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला जे बारीक केसांचं अस्तर असतं, धूळ आणि घाण बाहेर ढकलणारं, ते तो उद्ध्वस्त करतो. ताप तीन-चार दिवसांत उतरतो. घोडी चंदी खायला लागते, खिंकाळते. मालकाला वाटतं, झाली बरी. पण आतलं अस्तर पुन्हा उगवायला सुमारे तीन आठवडे लागतात. त्या तीन आठवड्यांत तिला पळवली, तर घाटातली धूळ सरळ फुप्फुसात जाते. मग न्यूमोनिया होतो, नाही तर दमा जडतो, कधी हृदयाच्या स्नायूला इजा होते. फ्लूनं घोडी सहसा मरत नाही. फ्लूमध्ये कामाला लावल्यानं मरते, किंवा जन्माची निकामी होते. शिंगरं आणि गाढवं यांना मात्र मूळ रोगही जास्त जड जातो.

पशुवैद्यांचा एक साधा हिशेब आहे. ताप जितके दिवस, तितके आठवडे विश्रांती. तीन दिवस ताप, तर तीन आठवडे घोडी दावणीला. त्यातही बंद, कोंदट गोठ्यात नव्हे, मोकळ्या हवेत, सावलीला. वैरण थोडी पाण्यानं ओली करून द्यायची, म्हणजे धूळ उडत नाही. ओव्याची, लिंबाच्या पाल्याची धुरी देण्याची आपल्याकडे रीत आहे. हेतू चांगला, पण सोललेल्या नळीवर धूर म्हणजे जखमेवर मीठ.

आणि आता ती गोष्ट, जी सगळ्यांना माहीत असते आणि कुणी बोलत नाही. यात्रा तोंडावर आलेली, गाड्याचं टोकन हातात, घोडीला ताप. किंवा उद्या वरात, मुलीच्या बापानं विसार दिलेला. मग कुणीतरी सुचवतं, एक इंजेक्शन टोचून घे, उभी राहील. आणि ती उभी राहते. ताप उतरवणाऱ्या सुईनं थर्मामीटर गप्प बसतो, रोग बसत नाही. घोडीला स्वतःचं आजारपण कळेनासं होतं, ती जीव तोडून पळते. शिवाय त्याच दिवशी ती घाटातल्या इतर घोड्यांमध्ये खोकून येते. एका मालकाची एक बारी वाचली, आणि दहा मालकांचा हंगाम गेला.

पण मालकाला नुसता दोष देऊन भागणार नाही. त्याची बाजू ऐका. वर्षातले चार-पाच महिने कमाईचे. त्यातले तीन आठवडे घोडी बसवायची म्हणजे घरातली चूल अर्धी विझवायची. पशुधन विमा घोड्यालाही काढता येतो, पण विमा मेलेल्या घोडीचे पैसे देतो, बसलेल्या घोडीचे देत नाही. मग गरीब माणूस काय करील? म्हणूनच, मंडळी, या रोगाचा खरा इलाज ताप येण्याच्या आधीच करायला हवा. तो इलाज म्हणजे लस.

घोडीवाल्याला विचारून पाहा, "दादा, घोडीला लस दिली का?" तो म्हणेल, "लस? ती गाईम्हशींना असते ना, सर?" त्याचं चुकत नाही. गावात लसीकरणाचं पथक येतं ते लाळ्या-खुरकुताचं, घटसर्पाचं, फऱ्याचं. २०२२ साली लम्पी आला तेव्हा बाजार बंद झाले आणि गावोगाव गाईबैलांना लस टोचली गेली. मेंढरांसाठी वेगळ्या लसी. यांतला एकही रोग घोडीच्या वाट्याचा म्हणून मोजला जात नाही. लाळ्या-खुरकूत तर घोड्याला होतच नाही, कारण तो दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा रोग. त्यामुळं पथक येतं, बैलाला टोचतं, मेंढीला टोचतं आणि घोडीला वळसा घालून निघून जातं. गावाच्या पशुधनात घोडी मोजली जाते, पण टोचणीच्या यादीत तिचं नाव नसतं.

शहरातली गोष्ट वेगळी. रेसच्या घोड्यांना, लष्कराच्या घोड्यांना ही लस नेमानं दिली जाते. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा स्पर्धेत तर सहा महिन्यांच्या आतली लस टोचल्याची नोंद पासपोर्टात नसेल, तर घोड्याला दारातच अडवतात. हो, घोड्यालाही पासपोर्ट असतो! आपल्याकडे हिसारच्या केंद्रानं देशातल्याच विषाणूपासून लस तयार केली. आधी १९८७च्या साथीतला विषाणू घेऊन, आणि पुढं २००८च्या कटऱ्याच्या विषाणूवर ती नव्यानं बेतली.

ती नव्यानं का बेतावी लागली? कारण हा विषाणू अंगरखा बदलतो. थोडा थोडा बदलत जातो आणि काही वर्षांनी जुनी लस त्याला ओळखेनाशी होते. म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेचे तज्ज्ञ दर वर्षी बसून लशीत कोणता विषाणू असावा, ते तपासतात. लस म्हणजे कवच आहे, वरदान नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. फेब्रुवारी २०१९मध्ये इंग्लंडात लस टोचलेल्या घोड्यांनाही फ्लू झाला आणि सहा दिवस तिथल्या शर्यती थांबवाव्या लागल्या. पण सहाच दिवस. याउलट ऑस्ट्रेलिया पाहा. त्या देशात हा रोग कधीच नव्हता, म्हणून घोड्यांना लसही नव्हती. ऑगस्ट २००७मध्ये बाहेरून आणलेल्या घोड्यांबरोबर विषाणू शिरला आणि काही महिन्यांत सत्तर हजारांवर घोडे आजारी पडले. सरकारनं घोड्यांची हालचाल बंद केली, लाखाहून अधिक घोड्यांना लस टोचली, आणि वर्ष संपता संपता रोग हाकलून लावला. ज्या घोड्यांना लस असते त्यांच्यातही रोग शिरतो, पण तो दमतो. ताप कमी येतो, खोकला कमी राहतो, आणि घोडी विषाणू कमी दिवस बाहेर टाकते.

लस एकदा टोचून भागत नाही. पहिला डोस म्हणजे ओळख करून देणं. चार ते सहा आठवड्यांनी दुसरा, तेव्हा ओळख पक्की होते. मग पाच-सहा महिन्यांनी तिसरा. पुढं डॉक्टर सांगतील तसा दर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं. आपल्याकडे तारखा विसरतात, सण विसरत नाहीत. म्हणून मी एक सोपी आठवण सुचवतो. राखीपौर्णिमेला पहिला डोस. आपल्या जुन्नर-आंबेगावात बैलपोळा भाद्रपद अमावास्येला असतो. राखीपासून तो सहा आठवड्यांवर येतो, तेव्हा दुसरा. बैलांच्या शिंगांना रंग, घोडीला सुई. आणि तिसरा महाशिवरात्रीच्या सुमारास. नेमके दिवस डॉक्टरांनी ठरवायचे, सण फक्त गाठ मारून ठेवायला.

यात पावसाळा निवडला तो मुद्दाम. त्या दिवसांत यात्रा नाहीत, लग्नं नाहीत, घोडी मोकळी असते. धनगरांचे वाडेही तेव्हा देशावर असतात. लस टोचल्यावर मानेला थोडी सूज येते, कधी अंग कणकणतं. दोन-तीन दिवस आराम द्यायचा, आठवडाभर पळवायची नाही. पावसाळ्यात हे सहज जमतं, चैत्रात जमत नाही. ताप असलेल्या घोडीला मात्र लस द्यायची नाही. गाभण घोडीला विण्याच्या महिना-दीड महिना आधी डोस मिळाला, तर चिकातून शिंगराला पहिलं संरक्षण मिळतं. त्याच वेळी डॉक्टरांना धनुर्वाताच्या लशीबद्दलही विचारा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, आणि खुरात खिळा रुतणं हे तर रोजचंच.

अडचण आहे ती लस आणण्याची. ती बर्फाच्या पेटीतच यावी लागते, थंडाव्यात, पण गोठू न देता. एका घोडीसाठी पुण्याहून लस मागवणं डॉक्टरांनाही परवडत नाही आणि मालकालाही. पण पंचक्रोशीतल्या वीस घोडीवाल्यांनी एकत्र येऊन दवाखान्यात आधी नावं दिली, तर एका पेटीत वीस डोस येतात आणि डॉक्टर एका दिवसात दावणीदावणीनं टोचून जातात. वाड्यावरच्या धनगराचं तिसऱ्या डोसाच्या वेळी बिऱ्हाड कोकणात असेल. म्हणून लशीचं कार्ड घोडीबरोबर फिरलं पाहिजे. त्यावर तारीख, लशीचं नाव, डॉक्टरांची सही. कार्ड असलं की कोकणातला डॉक्टरही पुढचा डोस देऊ शकतो.

आणि पैसे? इथं मला गाडामालकांना आणि यात्रा कमिट्यांना दोन शब्द सांगायचे आहेत. शर्यतीवर बंदी आली ती २०१४ साली. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या सगळ्या काळात आपण न्यायालयाला एकच सांगत होतो की आम्ही जनावरांना लेकरासारखं सांभाळतो. मग बैलाची तब्येत तपासल्याचा दाखला आपण दाखवतो, तसं घोडीचं लशीचं कार्डही मागू या. घाटाच्या तोंडाशी एक माणूस थर्मामीटर घेऊन उभा करू या. ताप असलेली घोडी माघारी पाठवू या, पण तिच्या मालकाला रिकाम्या हातानं नव्हे. बक्षिसांसाठी दुचाक्या आणि सोन्याच्या अंगठ्या जमवणाऱ्या कमिटीला बसलेल्या घोडीच्या चंदीपुरती रक्कम बाजूला काढणं जड नाही. वरातीच्या घोडेवाल्यांनी आपसांत ठरवावं की एकाची घोडी आजारी असेल, तर दुसऱ्यानं त्याची वरात करावी आणि मिळकतीतला वाटा त्याला द्यावा. कागदावर न लिहिता अशी देवघेव आपल्या गावांत पूर्वीपासून चालत आली आहे. ती फक्त तापाच्या दिवसांसाठी आठवायची आहे.

जुन्नर तालुक्यात आळे गावी रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, असं लोक श्रद्धेनं सांगतात, तो हा रेडा. त्या मुलखात जनावराला बोलता येत नाही असं म्हणायची सोय नाही. घोडी बोलते. चंदी तशीच ठेवते, मान खाली घालते, कोरडं खोकते. तिला जे सांगायचं असतं ते एवढंच असतं की मला तीन आठवडे द्या. आणि मागच्या पावसाळ्यात आपण पोळ्याची आठवण ठेवली असती, तर तिला तेही मागावं लागलं नसतं.